वीसपैकी सात

मराठी घेऊन बी.ए. करणाऱ्यांना आमच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षी लेखनाचा एक वेगळा तास असायचा. त्यात शिकवणं असं फार नसे. सरांनी पंधरवड्याला एक विषय द्यायचा, आपण घरून लिहून आणायचं, सरांनी तपासून वीसपैकी गुण द्यायचे. वर्षभरातले हे गुण एकत्र करून बी.ए.च्या शेवटच्या निकालात धरत. बाकीच्या पेपरांना पाठांतर चालायचं, गाईड चालायचं. इथं काही चालायचं नाही, म्हणून मुलं या तासाला टरकून असत. मी मात्र आठवडाभर त्याची वाट बघायचे. मला लिहिता येतं, असं मला शाळेपासून वाटत होतं आणि तसं वाटू नये असं काही तोवर घडलेलं नव्हतं.

मी दौंडची. वडील, म्हणजे आमचे दादा, रेल्वेच्या लोकोशेडमध्ये फिटर होते आणि आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. पुण्याला रोज गाडीनं जाऊन शिकायचं म्हटलं तर आई ऐकेना, वसतिगृहाचं नाव काढलं तर दादा ऐकेनात. शेवटी शिरूरला मामांकडे माझी रवानगी झाली. मामा प्राथमिक शाळेत मास्तर होते. तेव्हा जुनी माणसं शिरूरला घोडनदीच म्हणायची. गावाच्या एका टोकाला आमच्या बौद्ध लोकांची वस्ती होती, तिथं मामांचं घर.

लेखनाचे सर पुण्याचे. सोमवारी सकाळच्या एसटीनं यायचे, शुक्रवारी परत जायचे, मधले दिवस बाजारपेठेत एक खोली घेऊन राहायचे. खादीचा झब्बा, खांद्याला शबनम पिशवी. लाल शाईनं विद्यार्थ्याचा अपमान होतो म्हणून ते आमचे कागद पेन्सिलीनं तपासत. कुणी खोलीवर गेलं तर स्वतः चहा करत, स्वतःच कप विसळत. आमच्या वस्तीत येऊन, मामांच्या घरी जमिनीवर मांडी घालून जेवून गेलेले ते कॉलेजातले पहिले प्राध्यापक. मामा त्या जेवणाची गोष्ट वर्षभर सांगत होते. हे सगळं आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून सर वाईट माणूस होते असं कुणाला वाटेल. ते वाईट असते तर मला सोपं गेलं असतं.

"जे जगलात ते लिहा," सर पहिल्याच तासाला म्हणाले होते. "पुस्तकातलं, ऐकीव, सजवलेलं काही नको. तुमचं स्वतःचं." मी ते शब्दशः खरं मानलं.

त्यांनी विषय दिला, 'आमच्या घरातली चूल'. आमच्या घरात चूल नव्हती. पितळेचा, पंप मारायचा स्टोव्ह होता आणि जोडीला एक शेगडी. त्या स्टोव्हची सगळ्यात चांगली गोष्ट कुठली, तर आईच्या केकची. ती मी लिहिली.

आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहायचे. त्यांच्या बायकोला आम्ही आंटी म्हणायचो. ती एकदा आईला म्हणाली, "तुम हमकू पुरनपोली सिकाव, हम तुमकू केक सिकाता." झालं, आईला तेवढंच पाहिजे होतं. पातेल्यात वाळू घातली, वाळूवर केकचा डबा ठेवला, पातेल्यावर झाकण आणि झाकणावर शेगडीतले निखारे. आई स्टोव्हपुढनं हलेना. दर थोड्या वेळानं झाकण उघडून बघायची आणि आंटी दारातून ओरडायची, "मत खोलो, मत खोलो." शेवटी केक निघाला तो वरून कोळसा आणि मधून कच्चा. तेवढ्यात दादा ड्यूटीवरून आले. हातपाय धुऊन बसले. आईचा चेहरा बघितला आणि एकट्यानं अख्खा केक संपवला. "लई ग्वाड झालाय," म्हणाले, "आन् आतला शिरा तर एक नंबर." इकडे आंटीची पहिली पुरणपोळी तव्यावरच फुटली आणि सगळं पुरण जळून घरभर धूर झाला. दोघी बायका एकमेकींच्या दारात बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या होत्या.

मी लिहिलेलं मामांच्या मुलांना वाचून दाखवलं, तर ती गडाबडा लोळली. मी खुशीत कागद देऊन आले.

कागद परत आला. खाली पेन्सिलीनं, बारीक सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'भाषा ओघवती. पण हे घर तुझं वाटत नाही, उसनं वाटतं. अधिक आत बघ.' आणि वीसपैकी सात.

मला आधी वाटलं, कागद बदलला. अक्षर माझंच होतं. तास संपल्यावर मी सरांच्या मागोमाग स्टाफरूमपर्यंत गेले.

"सर, यात उसनं काय आहे?"

सरांनी मला समोरच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. प्राध्यापकांसमोर मुलींनी बसायची तेव्हा पद्धत नव्हती, पण सर सगळ्यांनाच बसवत.

"रागावू नकोस," ते म्हणाले. "तू लिहितेस छान. पण हे कुणीही लिहील."

"कुणीही कसं लिहील सर? केक आमच्याच घरी बिघडला होता."

ते हसले. मग गंभीर झाले. "अगं, तुझ्या घरी घडलं असेल. पण तो तुझा अनुभव नव्हे. तुमच्या समाजानं शेकडो वर्षं जे भोगलं, त्याला आत्ता कुठं तोंड फुटतंय. सगळा महाराष्ट्र कान देऊन ऐकतोय. आणि तू केक लिहितेस?"

"विषय चूल होता, सर."

"हो ना. मला वाटलं होतं, तू विझलेली चूल लिहिशील."

मी कागद घेऊन उठले. आमचा स्टोव्ह विझला तर त्याला पिन मारली की पेटायचा, हे उत्तर मला बाहेर आल्यावर सुचलं. चांगली उत्तरं मला कायम बाहेर आल्यावरच सुचत आली आहेत.

त्याच विषयावर गावातल्या एका डॉक्टरांच्या मुलीनं आजीच्या दिवाळीच्या फराळाबद्दल लिहिलं होतं. कढई, पळी, चिवड्याच्या फोडणीचा ठसका. तिला चौदा पडले. मला तिचा राग आला नाही, चिवडा चांगला लिहिला होता तिनं. पण तिला कुणी स्टाफरूममध्ये बसवून विचारलं नाही, की बाई, तुझ्या समाजाचं काय? तिची आजी नुसती आजी असू शकत होती. माझ्या आईला ती सवलत नव्हती.

मला काही सोसावं लागलंच नव्हतं असं नाही. दौंडच्या क्वार्टरमधून शिरूरला आल्यावर पहिल्या वर्षी जे काही कळलं ते कळलं. मुलींच्या खोलीत डबा उघडला की शेजारची सावरून बसायची, ते मला दिसत होतं. मामांना बाजारपेठेत भाड्यानं खोली का मिळाली नाही, हे मला मामी सांगायची. पण ते माझं होतं. ते कुणाला, कधी, कुठल्या शब्दांत द्यायचं हे मी ठरवणार होते. वीसपैकी गुणांसाठी पंधरवड्याच्या पंधरवड्याला ते सरांच्या टेबलावर नेऊन ठेवायचं, हे मला जमेना.

संध्याकाळी मी मामांना कागद दाखवला. ते माझी बाजू घेतील, याबद्दल मला शंका नव्हती. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. केकपाशी ते जरासे हसलेही. मग कागद घडी करून माझ्या हातात दिला.

"सर काय वंगाळ बोलले?" मामा म्हणाले. "मी शाळेच्या दाराबाहेर बसून शिकलो. मास्तर पाटी हातात न घेता लांबून बघायचा. ते कोण लिहिणार? मला लिहिता येत न्हाई. तुला येतं, आन् तू केक लिहितीस."

सरांच्या तोंडचं तेच वाक्य. सरांकडून आलं तेव्हा राग आला होता. मामांकडून आलं तेव्हा ते लागलं.

"लाज वाटती का तुला आपल्या लोकांची?" मामांनी विचारलं. ते रागावून नव्हते विचारत, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यामुळेच ते जास्त वाईट होतं.

"न्हाई मामा."

"मग काय?"

मामी मधे पडली, "जेवू द्या आता पोरीला," म्हणाली, आणि विषय तिथं थांबला. पण त्या रात्रीपासून मामांचं माझ्याशी बोलणं जरा बेतानं झालं.

दौंडला जाताना मी एकदा वाट वाकडी करून वरवंडला मावशीकडे उतरले. मावशी आणि तिचा नवरा दोघंही दुसऱ्यांच्या शेतावर कामाला जायचे. बहात्तरच्या दुष्काळात शेतं पडून होती तेव्हा ती पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला होती. सरांचा पुढचा विषय होता 'कष्ट'. मी ठरवलं, सर म्हणतात तर बघू या. पण मावशीला विचारल्याशिवाय तिचं लिहायचं नाही.

मावशी दारात शेंगा निवडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं.

"मार्क मिळत्यात त्याचं?" तिनं विचारलं.

"मिळतात."

"मंग ल्ही की. पर रडगाणं लिहू नको. मी काय तिथं रडत न्हवते. रडायला येळ कुठं हुता?"

मग तिनं सांगायला सुरुवात केली आणि शेंगा तशाच राहिल्या. हातोडा लागून तिच्या आंगठ्याचं नख गेलं होतं ते परत धड आलंच नाही, तो आंगठा तिनं दाखवला. मुलांना सुकडी, म्हणजे सरकारी गोड पीठ, मिळायची, ती भुशासारखी लागायची. उन्हानं दगड इतके तापायचे की बसायच्या आधी पाणी शिंपडावं लागे, आणि प्यायलाच पाणी नसायचं. पण हे सगळं तिनं घाईघाईत उरकलं. तिला सांगायचं होतं ते वेगळंच. कामावरचा मुकादम जाडजूड होता. उघडी छत्री घेऊन बायकांवर डाफरत तो खडीच्या ढिगावर चढला आणि ढीग घसरला. मुकादम छत्रीसकट खाली खड्ड्यात. छत्री उलटी झालेली, तो तिच्यात नावेत बसल्यासारखा. बायका हसायला लागल्या त्या थांबेनात. त्यानं सगळ्यांची हजेरी कापायची धमकी दिली, तरी थांबेनात. दुसऱ्या दिवशी एक म्हातारी त्याला रामराम घालून म्हणाली, "सायेब, आज नाव न्हाई आणली व्हय?" सांगता सांगता मावशी स्वतःच इतकी हसली की तिला ठसका लागला.

मी ते जसंच्या तसं लिहिलं. आंगठा लिहिला, सुकडी लिहिली, तापलेले दगड लिहिले आणि उलटी छत्रीही लिहिली. हसण्यामुळे ते सगळं अधिकच टोचतं, असं मला लिहिताना वाटत होतं. आजही वाटतं. आयुष्यात मी याहून बरं काही लिहिलेलं नाही.

कागद परत आला. 'विषयाची निवड उत्तम. योग्य वाटेवर आहेस. पण विनोदाने वेदना बोथट झाली. दुष्काळात भुकेल्या बायका अशा हसतील का? हे पटत नाही.' पुन्हा सात.

पुढं मावशी भेटली तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, "किती पडलं मला?" मी पंधरा सांगितले. तिनं ते आळीभर सांगितलं.

तो कागद हातात घेऊन मी व्हरांड्यात उभी होते तेव्हा आमच्या वर्गातला एक मुलगा जवळ आला. कोरेगाव भीमाकडच्या एका गावचा. घरची मोठी बागायत, वडील कॉलेजच्या संस्थेवर संचालक. त्याच्याकडे मोटारसायकल होती, आणि कॉलेजात तेव्हा ती फार थोड्यांकडे होती. पण पोरगा गर्विष्ठ नव्हता. अभ्यासाचं त्याला वावडं होतं, एवढंच. त्यालाही सातच्या आसपासच पडायचे, ते मात्र अगदी रास्त होते.

"काय लिहिलं म्हंजी सर खूश होत्यात गं?" त्यानं विचारलं.

मी इतकी चिडले होते की म्हटलं, "मरण लिही. आईला मारून टाक. तीही दुष्काळात, खडीच्या ढिगावर."

मी ते रागानं बोलले होते. त्यानं ते मनावर घेतलं.

पुढच्या पंधरवड्याला विषय होता 'माझी आई'. त्यानं लिहिलं की त्याची आई दुष्काळात खडी फोडायला जायची, स्वतः उपाशी राहून पदरात बांधलेली सुकडी त्याला आणून भरवायची, आणि एके दुपारी हातोडा हातात असतानाच ढिगावर कोसळली ती उठली नाही. सरांनी तो निबंध वर्गात मोठ्यानं वाचला. शेवटाला त्यांचा आवाज चिरकला. वाचून झाल्यावर ते खिडकीकडे तोंड करून थोडा वेळ उभे राहिले. पोरगा बाकाकडे बघत बसला होता. सरांना वाटलं असणार, दुःखानं.

त्याला अठरा पडले.

"खरंच मारली की," बाहेर आल्यावर तो माझ्या कानाशी म्हणाला. "अठरा! आजवर कशात पडलं नव्हतं."

"बघितलं होतंस का तू काही?" मी विचारलं.

"आमच्या रानाजवळच तळ्याचं काम चाललं हुतं. आबांबरोबर जीपमधनं जायचो ना बघायला."

हे इथंच संपलं असतं. पण स्नेहसंमेलन जवळ आलं. त्यात विद्यार्थ्यांनी स्वतःचं लेखन वाचायचा एक कार्यक्रम सरांनी नव्यानं सुरू केला होता, आणि पहिलं नाव त्याचं. तो घाबरला. मी तिथंच होते. "सर, नको. मला सगळ्यांपुढं वाचता येत न्हाई," तो म्हणाला. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "संकोच करू नकोस. हे दुःख आता तुझ्या एकट्याचं राहिलेलं नाही." त्याला खरं सांगायचं धैर्य होईना. अठरा गुण परत करायची कुणाची तयारी असते?

संमेलन दुपारी कॉलेजच्या पटांगणात मांडव घालून होतं. व्यासपीठावर प्राचार्य, पाहुणे आणि संस्थेचे संचालक. त्यात त्याचे वडील, फेटा बांधून. पुढच्या रांगेत संचालकांच्या घरच्या बायका, आणि त्यांच्या मधोमध त्याची आई. इरकली लुगडं, गळ्यात भरघोस सोनं, धिप्पाड बाई. सरांनी तिला आधी कधी बघितलेलं नव्हतं. ती कोण, इतकंच काय, हा मुलगा संचालकांचा, हेही पुण्याहून येणाऱ्या सरांना माहीत नव्हतं.

त्यानं वाचायला सुरुवात केली. 'माझी आई' म्हटल्याबरोबर बाईंनी आजूबाजूला बघत पदर सारखा केला. चेहऱ्यावर हसू. मग खडी आली. हसू तसंच राहिलं, पण भुवया वर गेल्या. मग सुकडी आली. बाई पुढं सरकून बसल्या. पोरगा मान वर न करता भराभर वाचत होता. शेवटी आई ढिगावर कोसळली. मागं कुणीतरी नाक ओढलं. सरांनी टाळ्या वाजवायला हात वर केले, तेवढ्यात बाई उभ्या राहिल्या.

"आरं, मी हितं जित्ती बसलीय की!"

अख्खा मांडव फुटला. मुलं बाकांवर उभी राहून हसू लागली. व्यासपीठावरचा फेटा खाली गेला. बाई काही हसत नव्हत्या.

"मास्तर कोन हाय ह्याचा?"

सर उठून पुढं आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्यांनी आवाज शांत ठेवला. "मी आहे. बाई, हे साहित्य आहे. यातली आई म्हणजे तुम्ही नव्हे."

"मंग कोन? पोरगं माझं, आवाज त्याचा, आन् आई दुसऱ्याची व्हय?"

"ही सगळ्या कष्टकरी आयांची..."

"मंग तुमची आई बसवा की खडी फोडायला! माझी कशाला मारता?"

पुन्हा हशा. मीही हसत होते. खोटं कशाला म्हणू, त्या क्षणी मला ती बाई देवासारखी वाटली. मला आणि मावशीला जे सरांना सांगता आलं नव्हतं ते तिनं भर मांडवात दोन वाक्यांत सांगून टाकलं होतं. मी टाळ्या वाजवणार होते.

तेवढ्यात ती पोराकडे वळली आणि म्हणाली, "मला त्या वस्तीतल्या बायांच्या पंगतीला नेऊन बसवलंस व्हय रं? त्या खडी फोडत्यात म्हून मी फोडायची? ह्याच्यापरीस खरंच मारायचं हुतंस."

माझं हसू तिथंच थांबलं. तिला दुःख मरणाचं झालं नव्हतं, खोट्याचंही झालं नव्हतं. माझ्या मावशीच्या शेजारी बसवल्याचं झालं होतं. मांडवातलं बाकी कुणी हसायचं थांबलं नाही. त्यांच्या दृष्टीनं ती गोष्ट सांगण्याइतकीही वेगळी नव्हती. मी मागं वळून बघितलं तर मामा मांडवाच्या कडेला उभे होते. मला संमेलनातलं एकही बक्षीस मिळणार नव्हतं, तरी आपली भाची कॉलेजात आहे म्हणून ते सकाळची शाळा सुटल्यावर आले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली.

प्राचार्यांनी माईक ओढून घेतला, "पुढचा कार्यक्रम, समूहगीत," असं जाहीर केलं आणि पेटीवाल्यानं घाईघाईनं सूर धरला.

पुढच्या आठवड्यात लेखनाच्या तासाला वर्ग गच्च भरला होता. सर काय करतात ते सगळ्यांना बघायचं होतं. अठराचे किती होतात, यावर पोरांनी पैजा लावल्या होत्या.

सर म्हणाले, "झाल्या प्रकारानं मला धक्का बसला. पण मी रात्रभर विचार केला. लेखकाला परकायाप्रवेश करता यायला हवा. जे आपण भोगलं नाही ते भोगल्यासारखं लिहिणं ही प्रतिभा आहे. त्याचे गुण मी बदलणार नाही. उलट, त्याच्या कल्पनाशक्तीचं मला कौतुक वाटतं."

मी उठून उभी राहिले. या वेळी उत्तर बाहेर जाऊन सुचायची वाट बघितली नाही.

"सर, त्यानं खोटं लिहिलं ती कल्पनाशक्ती. आणि मी आमच्या घरचं खरं लिहिलं ते उसनं. मावशीनं सांगितलेलं जसंच्या तसं लिहिलं ते पटत नाही. मग मी नेमकं काय लिहायचं?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत राग अजिबात नव्हता. कणव होती.

"तू अजून स्वतःला स्वीकारलेलं नाहीस," ते हळुवारपणे म्हणाले. "स्वीकारशील तेव्हा खरं लिहिशील. मी वाट बघेन."

मी खाली बसले. शेजारची मुलगी पुस्तक उघडून त्यात बघत राहिली.

उरलेलं वर्ष मी लिहीत राहिले. दर वेळी मन लावून लिहिलं, कारण वाईट लिहून देणं मला येत नव्हतं. आंटीच्या घरच्या नाताळबद्दल लिहिलं, दादांना रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये कॅरमचं बक्षीस मिळालं ते लिहिलं, आईला इंग्रजी पाट्या वाचायचा नाद होता तो लिहिला. सात, आठ, सात. तो पोरगा त्यानंतर एकदाही माझ्याशी धड बोलला नाही. मीही बोलले नाही. त्याला दोष द्यावा असं फार काही नव्हतं, पण मला त्याच्या आईचा आवाज ऐकू यायचा.

बी.ए.चा निकाल लागला तेव्हा माझा सेकंड क्लास थोडक्यात हुकला. बाकीचे पेपर चांगले गेले होते. हुकला तो कुठं, हे मला ठाऊक होतं आणि मामांनाही. एम.ए.ला पुण्याला जायचं मनात होतं ते राहिलं. दादांनी निकालाचा कागद उलटापालटा करून बघितला. "केकाला सात?" म्हणाले. "त्यात माझं काम चांगलं हुतं की." आम्ही दोघंही हसलो आणि मग आई उठून आत गेली, म्हणून थांबलो.

मी रेल्वेची परीक्षा दिली आणि दौंडलाच बुकिंग ऑफिसात क्लार्क म्हणून लागले. नोकरी चांगली होती. मला तिच्याबद्दल तक्रार करायची नाही. मामा शेवटपर्यंत माझ्याशी मायेनं वागले, पण माझ्या लिहिण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. त्यांच्या शाळेची, दाराबाहेर बसलेल्या त्या पोराची गोष्ट लिहायचं माझ्या मनात खूप वेळा आलं. लिहायला बसले की वाटायचं, आता यावर कुणीतरी पेन्सिलीनं लिहील, 'आता खरं लिहिलंस.' आणि माझा हात थांबायचा. ती गोष्ट तशीच राहिली. मामा गेले. सरांनी माझे गुण कापले याचा राग केव्हाच विरला. मामांची गोष्ट माझ्या हातून काढून घेतली, त्याचा अजून विरत नाही.

नोकरीला बरीच वर्षं झाल्यावर एका दुपारी खिडकीपुढच्या रांगेत सर दिसले. केस पिकलेले, खांद्याला शबनम तशीच. त्यांनी पुण्याचं तिकीट मागितलं, मग आत वाकून बघितलं आणि मला ओळखलं. मला बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

"अगं, तू! इथं?" ते म्हणाले. "लिहितेस का काही?"

"नाही, सर."

"अरेरे." त्यांना मनापासून वाईट वाटलं, ते चेहऱ्यावर दिसलं. "केवढं होतं तुझ्याकडे सांगण्यासारखं."

मी तिकीट खिडकीतून सरकवलं. ते अजून काही तरी बोलणार होते, पण रांग लांब होती आणि गाडीची वेळ झाली होती. मी त्यांच्या मागच्या माणसाकडे बघितलं आणि म्हणाले, "बोला, कुठलं?"